दगूबाईंची वाक्यं

शोकसभेला जायचं, पाच मिनिटं बोलायचं आणि मुंबईची रात्रीची गाडी पकडायला अंधार पडायच्या आत सुरतेचा रस्ता धरायचा, एवढंच हेमकांतच्या मनात होतं. मुंबईत मालिका दिग्दर्शित करणाऱ्या माणसाला असली भाषणं तोंडपाठ असतात. शहाद्याहून घेतलेली भाड्याची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत पुरुषोत्तमनगरला पोचली, तेव्हा उन्हं कलली होती आणि कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळ्या वसाहतीवर बसला होता.

ज्यांची सभा होती त्या दगूबाई जवळच्याच ब्राह्मणपुरीच्या. शहाद्याच्या हौशी नाटकांतून वर आल्या, राज्य स्पर्धेत गाजल्या आणि मग तीस वर्षं मुंबईत, नाटकांत आणि टीव्हीवर, कुणाची सासू, कुणाची सुईण, कुणाची विधवा आत्या होत राहिल्या. नायिका कधीच नाही. पण त्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या तरी रंगवलेलं घर खरं वाटायचं.

हेमकांतच्या मालिकेत त्या आजी होत्या. एकदा चित्रीकरण चालू असताना त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लेक गेलेली बाई अशी रडत नाही, साहेब." त्यानं हसून घेतलं. थोड्याच दिवसांनी त्या सेटवर आल्या तर भिंतीवर त्यांचाच फोटो, चंदनाचा हार घातलेला. आजी मेली होती, आणि त्यांना कुणी कळवलंही नव्हतं. पुढे जो विचारेल त्याला हेमकांत सांगत राहिला, "बाईंना आता वाक्यं आठवत नाहीत." कामं बंद झाली. दगूबाई गावी परतल्या आणि तिथेच खंगून गेल्या.

सभागृहाच्या दारात त्यांची भाची चेतना उभी होती.

"या. आत्या तुमनीच वाट पाही ऱ्हायनी व्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज वाक्यं म्हणे... एक बी भुलनी नही."

हेमकांत माईकपाशी गेला. "दगूबाई म्हणजे..." एवढं बोलला आणि पुढचं काही सुचेना. पंखे मंदावत थांबले. वीज गेली असावी. पण माईक चालू होता, आणि त्यातून कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता... त्याचा नव्हे. त्याच्या जिभेवर रंगपेटीतल्या शिळ्या पावडरीची चव आली.

मग तो बोलला. आवाज दगूबाईंचा होता.

"मी जित्ती व्हती ना रे, हेमकांत... तरी तू मन्हा फोटोले हार घाला."

हेमकांत पुण्यात वाढलेला. अहिराणीचा एक शब्द त्याला येत नव्हता. उलट, दगूबाईंच्या उच्चारांतून ती घासून काढायला त्यानंच लावलं होतं. लोकांना वाटलं, साहेब नक्कल करताहेत. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

त्यानं जीभ चावली. तोंडात रक्त आलं, शब्द थांबले नाहीत. सुईण बोलली, सासू बोलली, विधवा आत्या बोलली. खाली पहिल्या रांगेत चेतना डोळे मिटून बसली होती आणि तीच वाक्यं तिच्या ओठांवर हलत होती. शेवटी तो आवाज अगदी खाली उतरला आणि हेमकांतचीच कबुली देऊ लागला.

"बाईले वाक्यं आठवतस नही, आसं मी सांगं... खोटं सांगं."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. कुणी त्याला हात दिला नाही. तो रुमाल तोंडावर दाबून धडपडत बाहेर आला, गाडीत बसला आणि हातानंच 'चल' म्हणून खुणावलं. गाडीचा चालक भिला ब्राह्मणपुरीचाच, पण सभेत आलाच नव्हता. तो झाडाखाली पडून होता. त्यानं उठून गाडी काढली.

प्रकाशाच्या पुलावर आले तेव्हा खाली तापी काळसर झाली होती. हेमकांतनं काच खाली केली, दोन श्वास घेतले. घसा मोकळा वाटला.

"आते मी बोलसू," आवाज आला. "तू नुसता आयक..."

त्यानं दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबले. ओठ मिटलेले होते. दात मिटलेले होते.

"घर चाल, भिला."

भिलानं मागे वळून पाहिलं नाही.

"हा, आक्का," तो म्हणाला, आणि पूल संपताच त्यानं गाडी परत ब्राह्मणपुरीकडे फिरवली.