पूजेला लावलेली बंदूक

खंडेनवमीला मुरलीधररावांनी गाडीची पूजा केली आणि त्याच हळदकुंकवात बंदुकीचीही उरकून घेतली. आता स्कॉटलंडातल्या समुद्रकाठच्या गावात खंडेनवमी कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला काय करणार! एडिनबराच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली आणि निवृत्तीनंतर हा माणूस मातीच्या तबकड्या उडवायला नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागला. बायको, भावनाताई, वारल्यापासून तर आठवड्यात कुणाशी चार शब्द बोलायचे ते तिथंच. बाकी घरात टीव्ही बोलायचा आणि हे ऐकायचे.

भावनाताई होत्या तेव्हा पूजा घरात व्हायची. जिन्याखाली बंदुकीचं लोखंडी कपाट होतं, पोलिसांनी येऊन तपासलेलं. त्या ते उघडायला लावत, बंदुकीला कुंकवाचं बोट टेकवत आणि परत कुलूप लागेपर्यंत तिथून हलत नसत. या वर्षी मुरलीधरराव क्लबातून आले ते गुडघे धरूनच. बंदूक पुसली, गाडीच्या डिकीतच आडवी ठेवली, कुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं. काडतुसांचा डबाही शेजारी. मग त्यांच्या मनाने घेतलं, की पूजेला लावलेलं शस्त्र उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नसतं. शास्त्र आठवलं तेही नेमकं गुडघ्यांच्या सोयीचं! डिकीचं झाकण लावून ते आत आले.

लंडनजवळच्या स्टॅनमोरहून मुलीचा, वरदाचा, फोन आला. तिने आधी हेच विचारलं.

"बाबा, गन आत ठेवला ना? कारमध्ये नका ठेवू हं."

"ठेवली गं," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं. समुद्रावरून धुकं आलं होतं, समोरचं कुंपणसुद्धा दिसेना. चहाचा कप हातात घेऊन ते बसले तोच बाहेर डिकी लागल्याचा आवाज झाला. हलकेच, घरातलं माणूस झोपलं असताना आपण दार लावतो तसा.

ते बाहेर गेले. हवेला शेवाळाचा ओला, खारट वास होता. त्यांनी डिकी उघडली. फूल होतं. बंदूक नव्हती, काडतुसंही नव्हती. गाडी लॉक केली होती का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांची पाचावर धारण बसली. पोलिसांना कळवायचं म्हणजे परवाना गेला, क्लब गेला, मुलीशी खोटं बोललो तेही उघड झालं. क्लब गेला तर बोलायचं कुणाशी? आणि नाही कळवलं तर? बंदूक आणि काडतुसं घेऊन कोणीतरी या धुक्यात हिंडत असेल. फोन खिशात होता, पण हात खिशाकडे जाईना. आधी जरा बघू या, असं म्हणत ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले.

"कोण आहे...?"

मग दूर कुठेतरी एक दणका झाला. तो आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. तरी ते मनाला म्हणाले, कुणाचं तरी दार आपटलं असेल.

घरी येऊन त्यांनी जिन्याखालचं कपाट उघडलं. वेडी आशा, दुसरं काय! किल्ली एकच, तीही त्यांच्या गळ्यात. आणि बंदूक आत उभी होती. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "भावना..." ते पुटपुटले. रडूच आलं त्यांना. कोणीतरी अजून आपल्या मागून दारं लावत फिरतंय, या विचाराने किती दिवसांनी बरं वाटलं. झाल्या गोष्टीची आता कुणाला कानोकान खबर लागणार नाही, असंही मनात येऊन गेलं.

मग त्यांनी बंदुकीला हात लावला.

नळी गरम होती. सकाळी झाडलेली बंदूक त्या गारठ्यात एव्हाना थंडगार व्हायला हवी होती. दारूचा ताजा वास नाकात शिरला. नेम धरताना गाल टेकतो त्या जागी लाकूड ओलं होतं. त्यांनी आपला गाल चाचपून पाहिला आणि बंदुकीपासून लांब सरकले. ते पाणी त्यांच्या डोळ्यांतलं नव्हतं, त्यांनी तिथं गाल टेकवलाच नव्हता. ते आधीपासून तिथं होतं.

आता मात्र त्यांनी फोन लावला.

"पोलीस हवेत की ॲम्ब्युलन्स?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

जन्मभर डॉक्टरकी केलेल्या माणसाला ते सांगता येईना. "दोन्ही... कुणाला लागलंय ते मला माहीत नाही... बंदूक माझी आहे. मी गाडीत ठेवली होती," ते म्हणाले आणि घरचा पत्ता सांगितला. दुसरा पत्ता द्यायला त्यांच्याकडे होता कुठे?

तिने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, त्या घरी ॲम्ब्युलन्स निघालीच आहे. मघाशी तिथल्याच घरच्या फोनवरून एका बाईंचा फोन आला होता. फार रडत होत्या, आणि कुठल्या भाषेत बोलत होत्या ते इथं कुणालाच कळलं नाही.