अपुऱ्या लुगड्याबाबत

विषय : कवडू पराते, विणकर, मयत, याच्या मागावरील अपुरे लुगडे कापू देण्याबाबत त्याच्या पत्नीचा अर्ज. संदर्भ : नागपूर इतिहास-रक्षक मंडळ, नियम सातवा. सन १९३४.

नियम सातवा असा की, मंडळाच्या ताब्यात आलेली वस्तू मिळाली तशीच राखायची. तिच्यात फरक करायचा तर समितीचा ठराव हवा. ठरावाला नऊपैकी पाच सभासद हजर लागत. नवांतले चार उन्हाळा लागला की सरकारी दप्तराबरोबर पचमढीला जात, आणि एक दोन वर्षांमागे वारले होते. त्यांचे नाव कमी करायलाही ठरावच लागत असल्याने ते अजून सभासद होते, आणि हजेरीत इतरांपेक्षा फारसे मागे नव्हते.

हा नियम लिहिला सहचिटणीस बाबनरावांनी. कमिशनर कचेरीत तीस वर्षे कारकुनी केलेला, घरी मागेपुढे कोणी नसलेला माणूस; निवृत्तीनंतर जुन्या वस्तूंवर शेरे मारून तो आपली हौस भागवीत असे.

कवडू कोष्टीपुऱ्यातला. भोसल्यांच्या वेळच्या नमुन्याचा काठ विणणारा तो शेवटचा. आपल्यामागे माग मंडळाला द्यावा, असे त्याने लिहून दिले होते. माघात तो मागावर बसल्याबसल्याच गेला. आठवड्याच्या आत मागाच्या खोलीला मंडळाचे कुलूप लागले आणि बाबनरावांनी स्वहस्ते पाटी ठोकली : ‘जसे आहे तसे. हात लावू नये.’

बाराव्या दिवशी कवडूची बायको जनाबाई मंडळात आली. ती त्याच घराच्या मागच्या अर्ध्यात राहत असे.

“बाबूजी, मागावर माणूस गेला तं तेरवीच्या आत घरच्यानं लुगडं कापा लागते. नाई तं तो उठत नाई.”

“कोण उठत नाही?”

“बसलेला.”

बाबनरावांनी तिच्याकडून रीतसर अर्ज घेतला. ‘पुढील सभेत समितीपुढे ठेवावा’ असा शेरा मारला. खोलीत शिरल्यास पोलिसांत कळवावे लागेल, हेही सांगून ठेवले. “काळजी नको, जनाबाई. कागद आमच्याकडे सुरक्षित आहे.”

“कागदाची काळजी काहून करू मी? माणूस बसून राहिला तिथं.”

वैशाखात वार्षिक अहवालासाठी मोजमापे घ्यायची होती. एका दुपारी बाबनराव खोलीत गेले. गल्लीतले रिकामटेकडे आत घुसू नयेत म्हणून त्यांनी आतून कुलूप लावले, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि कोट दाराजवळच्या खुंटीला अडकवला.

माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या लाकडी पावड्या आळीपाळीने दाबतो. बाबनरावांनी आधी लुगडे मोजले. नोंदीत दोन हात होते, आज साडेतीन भरले. मोजणारा गाढव असला पाहिजे, असे त्यांना वाटले. मग मोजणारा कोण होता ते आठवले.

खड्ड्याची खोली घ्यायला ते काठावर बसले आणि पाय खाली सोडले. खाली गारवा होता. तीन महिने बंद असलेल्या त्या खोलीत ओल्या खळीचा वास आला, सूत नुकतेच कोणी खळवून वाळत घातल्यासारखा. तळवे पावड्यांना लागले.

आणि त्यांच्या पावलांवर, वरून, दोन पावले येऊन टेकली.

थंड. टाचांना भेगा असलेली.

डावे दाबले गेले. मग उजवे. ठक... ठक... बाबनरावांनी उठायचा प्रयत्न केला. कोणी धरलेले नव्हते. मांडीपासून खांद्यांपर्यंत नुसते वजन होते, त्यांच्याच जागेवर आणखी कोणी बसल्यासारखे. त्यांचा उजवा हात पुढे झाला आणि त्याने आडवे सूत नेणारा धोटा उचलला. आयुष्यात त्यांनी टाक सोडून दुसरे हत्यार धरले नव्हते, पण धोटा सुतातून सरळ पार गेला.

मागच्या गजाच्या खिडकीशी चाहूल लागली.

“उठा न आता... किती बसान?” जनाबाई हळूच म्हणाली.

“जनाबाई... मी आहे. बाबनराव.”

तिने गजांना तोंड लावून आत पाहिले.

“तुम्ही काहून बसले तिथं?”

“उठता येत नाही... लुगडं कापतो मी...”

“नका! घरच्यानंच कापा लागते. परक्यानं कापलं तं...” तिने वाक्य सोडून दिले. “दार उघडा, मी येतो.”

“आतून कुलूप... किल्ली कोटात...” कोट दहा हातांवर होता. “दार फोडा. माणसं बोलवा...”

“फोडू कशी? पाटी हाय तुमची. पोलीस येतीन म्हणाले ना तुम्ही.”

“पाटी राहू द्या...” म्हणताना त्यांचा आवाज मागाच्या ठेक्यात पडू लागला. “पाटी... राहू... द्या...”

“मंडळात जातो मी,” ती म्हणाली आणि अनवाणी उन्हात धावली.

तासाभराने अध्यक्ष दोन सभासदांना घेऊन खिडकीशी आले. माग रिकामा होता. कोट खुंटीला होता, आतले कुलूप जागेवर होते. आवाज नव्हता. तिघांनी आळीपाळीने पाहिले आणि एकमताने ठरवले की आत कोणी नाही, आणि दार फोडणे हा वस्तूत फरक होय. बाबनराव न कळवता गावाला गेले असावेत, अशी नोंद झाली. जनाबाईने दार फोडण्याचा दुसरा अर्ज दिला. त्यावर शेरा पडला. मंडळी गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा जनाबाईला पुन्हा ठक... ठक... ऐकू आले.

ज्येष्ठात त्या खिडकीच्या आतल्या कडेवर एक कागद सापडला. अक्षर बाबनरावांचे, गोल आणि कारकुनी. मजकूर नमुन्याबरहुकूम : ‘अर्जदार आत असून, नियम सातवा शिथिल करून दार उघडण्यात यावे, ही विनंती. लुगडे आजअखेर अकरा हात.’ खाली सहीच्या जागी मात्र अंगठा होता, आणि त्या ठशातून एक आडवी चीर गेली होती.

अंगठ्याची ओळख पटवायला मंडळाने जनाबाईला बोलावले. तिने कागद उजेडाला धरला.

“सुतानं कापलेला हाय हा अंगठा,” ती म्हणाली. “तीस वर्सं म्या हळद लावली त्याले.”

पचमढीची मंडळी आता परत आली आहेत. पाच सभासद सहज जमतील. परंतु सभेची नोटीस सहचिटणिसाच्या सहीनेच निघते, आणि अंगठा चालत नाही. तिन्ही अर्ज प्रलंबित आहेत.