गाण्यातले तीन ठोके

खोटं सांगून मला काय मिळणार? उलट हे मी लिहिलंय असं ताईला कळलं, तर ती माझ्याशी बोलणं टाकेल. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, दुपारचे चार. लख्ख ऊन. बाहेर रस्त्यावर माणसांची वर्दळ.

आणि आत स्टुडिओत माझी थोरली बहीण... एकटी.

ताई साउंड इंजिनिअर आहे. सगळं आयुष्य दुसऱ्यांची गाणी ऐकण्यात गेलं. पण एक गाणं ती घरात लावू द्यायची नाही. मी एकदा लावलं, तर तिने वायरच उपसली.

आणि नेमकं तेच गाणं सगळ्यांना तोंडपाठ!

खरं नाव सांगत नाही. आपण त्याला 'उघड' म्हणू. चार पोरांच्या रॉक बँडचं गाणं. बावीस वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत ते वाजायचं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. चार सेकंद काहीच नाही...

मग टक. टक. टक.

आणि गायक घसा फाडून ओरडतो, 'उघड!'

त्या तीन ठोक्यांवर लोकांचा जीव. ते कशाचे, यावर मासिकांतून लेख आले. कोणी म्हणे ड्रमच्या पेटीवर मारलंय, कोणी म्हणे बुटाची टाच आहे. मुलाखतीत विचारलं की गायक नुसता गालात हसायचा.

ताईला माहीत होतं ते कशाचे आहेत.

गाणं लिहिलं होतं बास गिटार वाजवणाऱ्याने. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे. कॅसेटच्या कव्हरवर मात्र गायकाला फक्त स्वतःचं नाव हवं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशीच दोघांची जुंपली. लांब्याची गिटार आधीच टेप झाली होती. आपली एक ओळ गायला तो बूथमध्ये गेला, म्हणजे आवाज बाहेर न येणाऱ्या त्या छोट्या खोलीत. गायकाने मागून दार लोटलं आणि बाहेरचा दांडा ओढला.

"गाणं तुझं ना? मग बस आत म्हणत!"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. तेवीस वर्षांची होती, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला.

बूथमधला माईक चालू होता. गाणं थांबलं त्या चार सेकंदांत तिच्या हेडफोनमध्ये ठोके आले. तीन.

मग काहीच नाही.

"उघडू का दार?" तिने विचारलं.

"गप बस गं! कसले झकास आलेत ठोके. चालू ठेव टेप!"

ती गप्प बसली.

लांब्याला दमा होता. पंप बाहेर राहिला होता, खुर्चीवर टाकलेल्या जॅकेटच्या खिशात. गाणं संपलं, ते सगळ्यांनी पुन्हा दोनदा ऐकलं, मग कोणाला तरी त्याची आठवण झाली.

तो भिंतीला टेकून बसला होता... डोळे उघडेच.

ते दार अधूनमधून अडकतं, असं सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं. ताईनेही.

आता त्या मंगळवारकडे येतो. कंपनीला गाणं नव्याने साफसूफ करून काढायचं होतं. जुनी टेप ठाऊक असलेली ताई एकटीच उरली होती, म्हणून काम तिच्याकडे आलं. तिने नाही म्हणून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. स्टुडिओ नवा, इमारत दुसरी, मशीन दुसरं.

तिने गाणं लावलं. वाद्यं थांबली...

टक. टक. टक.

टक.

ताईचा हात थबकला. चार? तिने मागे नेऊन पुन्हा लावलं.

पाच.

बूथच्या माईकचा आवाज तिने वेगळा काढला. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट होती. तिथे काहीच नव्हतं. कानात मात्र कोणीतरी श्वास ओढत होतं. बारीक शिटीसारखा... अडकत, अडकत.

तिने हेडफोन काढून फेकला.

श्वास थांबला नाही.

तेवढ्यात दार उघडून गायक आत आला. आता टक्कल पडलेलं, सगळे 'सर' म्हणतात. त्याला एक ओळ नव्याने गायची होती.

"सर, ठोके वाढलेत," ताई म्हणाली. "आज नको."

"तीनच आहेत. त्या तीनवर बावीस वर्षं जगतोय मी, मला शिकवू नकोस." मग खाली वाकून, हळू आवाजात, "तेव्हा तोंड बंद ठेवलंस, ते बरं केलंस. आताही ठेव."

आणि तो बूथमध्ये गेला.

या बूथला दांडा नव्हता. कडी नाही, कुलूप नाही. नुसतं ढकललं की उघडणारं दार.

गाणं सुरू झालं. थांबलं...

ठोका आला नाही. एकसुद्धा नाही.

काचेतून ताईने पाहिलं. सर गात नव्हते. मान वळवून मागच्या कोपऱ्याकडे बघत होते. कोपरा रिकामा होता. पण त्यांची नजर हळूहळू वर सरकत गेली... समोर कोणी उंच माणूस उठून उभा राहावा तशी.

ते दाराकडे धावले. दोन्ही हातांनी दाराच्या काचेवर मारायला लागले. तोंड वासलेलं. माईक चालू, पण आवाज शून्य.

ताईने दार ढकललं. खांदा लावला. दार हललं नाही.

आणि स्पीकरमधून आवाज आला. शांत. ओळखीचा.

"तू बस. तेव्हा बसली होतीस ना?"

"पाय गळाले आणि मी खाली कोसळले, असं मी सगळ्यांना सांगितलं," ताई मला म्हणाली. "पाय शाबूत होते रे माझे. मी जाऊन खुर्चीत बसले."

किती वेळ, ते तिला आठवत नाही. दार आपोआप उघडलं, तेव्हा सर जमिनीवर निळे पडले होते.

ते वाचले. डॉक्टर म्हणतात छाती ठणठणीत आहे, घसाही. पण तेव्हापासून त्यांच्या तोंडून आवाज फुटलेला नाही.

आठवड्याने ताई लांब्याच्या बऱ्याच थोरल्या बहिणीकडे गेली. म्हातारी झालीय, एकटी राहते. ताईने उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं. दार, दांडा, पंप, खोटी साक्ष.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याने सांगितलं. त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं तेही सांगितलं."

ताईने हात जोडले. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होत्या. चेहरा एकदम मऊ झाला होता.

"आलास?" त्या म्हणाल्या. "हिच्याबरोबर आलास होय?"

ताईने मागे वळून पाहिलं नाही. आजही पाहत नाही.

सध्या ती माझ्याकडे राहायला आलीय. शेजारच्या खोलीत झोपते.

काल सकाळी माझ्या बायकोने सहज विचारलं, "ताईंना खोकला झालाय का हो? रात्रभर श्वास केवढा वाजत होता..."

ताई त्या रात्री घरात नव्हतीच.