आधी शेवट सांग

खून धाकट्या काकूने केला, हे संयोगिताने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, आणि वाचनालयाच्या सभागृहातली वीस-पंचवीस माणसं एकदम कण्हली.

साताऱ्यात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही मंडळी जमायची. नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्यांवर ज्याने त्याने चार शब्द बोलायचे, मग चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम. रहस्यकथेचा शेवट फोडायचा नाही, असा नियम कुणी केला नव्हता, कारण तो मोडणारं माणूस तोवर उगवलंच नव्हतं.

"काकूच आहे," संयोगिता शांतपणे पुढे बोलत राहिली. "आणि हे माहीत असताना वाचाल ना, तर फार चांगली कादंबरी आहे. पहिल्या प्रकरणात ती सगळ्यांना चहा देते, तेव्हा तिचा हात बघा. सगळं तिथंच आहे. शेवट माहीत नसला की आपण खुन्याच्या मागे धावत सुटतो, काकूकडे बघतच नाही. घरातल्या काकूकडे तसंही कोण बघतं?"

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उंच, चष्मेवाला एक तरुण उभा राहिला होता. त्याच्या हातात तीच कादंबरी होती, आणि खुणेसाठी घातलेलं एसटीचं तिकीट शेवटून थोड्याच पानांवर डोकावत होतं.

"मॅडम, एक विनंती करणार होतो... पण आता काय उपयोग."

सभागृह हसलं. संयोगिता जरा ओशाळली. "तुमचा संशय कुणावर होता?"

"माळ्यावर."

"माळी बिचारा चांगला आहे हो. तो मरतो पुढं."

"हेही सांगितलंत," तो म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. चहाच्या वेळी तो खिडकीशी उभा राहून डब्यातली चपाती-भाजी खात होता. ती माफी मागायला गेली. त्याचं नाव सन्मती पाटील, गाव सांगलीजवळ कृष्णेच्या काठी, ठिबक सिंचनाच्या कंपनीत इंजिनियर, नुकतीच साताऱ्याला बदली झालेली. "आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवून घेतो," तो डब्याकडे बघत म्हणाला.

"आणि असं आभाळ भरल्यावर कळतं कसं?"

"मोबाईलमध्ये वेळ असते की. पण आईचा हिशोब वेगळाय. हाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की ती म्हणते, आता बास."

तिने नकळत स्वतःचा तळहात खिडकीतल्या उजेडात धरला. रेषा दिसत होत्या. त्यानेही बघितल्या, आणि लगेच डब्याकडे मान वळवली.

संयोगिता पोवई नाक्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. पुढच्याच आठवड्यात सन्मती तिच्या खुर्चीत येऊन बसला. तिने चाचणीची जड चौकट त्याच्या नाकावर चढवली, दिवा मालवला, तक्ता उजळला.

"शेवटची ओळ वाचा."

"वरून नको?"

"मी खालूनच सुरू करते."

"ते शनिवारीच कळलंय मला." त्याने डोळे बारीक करून ओळ वाचली. बरीचशी चुकीची वाचली.

"नंबर वाढलाय."

"वाढेल की. दोनदा वाचली ती कादंबरी, तुमच्यामुळं. काकूचा हात बघितला. तुमचं म्हणणं खरं आहे थोडं... पण थोडंच."

काच बदलताना तिची बोटं त्याच्या कानशिलाला लागली. तो बोलायचा थांबला. तिनेही उगाच तीच काच काढून पुन्हा तीच घातली.

"आधीची बरी की ही?" तिने विचारलं.

"दोन्ही सारख्याच आहेत," सन्मती म्हणाला, "पण अजून एकदा करून बघा."

मग पुस्तकांची देवाणघेवाण सुरू झाली आणि वादांना ऊत आला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिला चहाची सुट्टी असे. दुकानामागच्या कँटीनमध्ये तो डबा उघडायचा, ती चहा मागवायची, आणि अलीकडच्या कादंबऱ्यांची दोघं मिळून हजामत करायची. पुण्यातल्या नवरा-बायकोच्या घटस्फोटाच्या एका कादंबरीत तीनशे पानांत सतरा वेळा कॉफी होते, पण कप एकदाही कुणी विसळत नाही, असं तिचं म्हणणं. "कप कुणी विसळायचे यावरूनच मोडतात की संसार. लेखकाने नेमकं तेच गाळलं." धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाची एक भुताची कादंबरी त्याला फार आवडली होती, पण शेवटी लेखक भुताचं कारण समजावून सांगत बसतो त्याचा राग आला होता. "भीती घालवलीच त्यानं. न सांगता सोडायला पाहिजे होतं."

"मला उलट वाटलं," ती म्हणाली. "मी शेवट आधी वाचला. भूत का आलंय ते कळलं, मग मला त्याची भीती नाही वाटली... दया आली. सगळी कादंबरी मी त्या भुताच्या बाजूनं वाचली."

सन्मतीने घास हातातच ठेवला. अशा वेळी तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचा, आणि वाद हरल्याचं त्याला काही वाटायचं नाही.

एकदा असंच बोलणं चाललं असताना तिचा फोन वाजला. उचलून ती पहिला शब्द बोलली, "खुशाल?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं, तेव्हा कुठे तिचे खांदे सैल झाले आणि ती हसून बोलायला लागली. फौजेतला भाऊ होता, शंभूराज. सन्मतीला वाटलं, त्यांच्या घरची रामराम करायची रीत असेल.

दिवाळीनंतर एका रविवारी दोघं डोंगराच्या उतारावरच्या ‘चार भिंती’ स्मारकाकडे चढून गेले. खाली सगळा सातारा पसरला होता. सन्मतीने दोनदा घसा खाकरला.

"एक गोष्ट सांगायची होती... त्यात एक मुलगा असतो—"

"शेवट सांग."

"सांगू? शेवटी तो तिला विचारतो."

"आणि ती?"

"ते पान अजून छापलेलं नाही."

ती खाली गावाकडे बघत राहिली. वाऱ्याने ओढणी उडत होती, ती तिने मुठीत धरली. "मी शेवट आधी सांगते, तुला माहितीये," ती हळू म्हणाली. "ती हो म्हणते."

आता खरी परीक्षा घरच्यांची होती. संयोगिता शेतकरी मराठ्यांच्या घरातली, सन्मती जैनांचा. तिच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, पंचवीस वर्षं फौजेत काढलेली. ते सन्मतीला एकदाच भेटले आणि म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय. वाचतंय लय, तेवढीच खोड. रविवारच्या मटणाचं काय ते तुमी दोघं बघा." सन्मतीचे आप्पा, रामगोंडा पाटील, एवढे सोपे नव्हते. त्यांच्या घरात बाहेरची सून कधी आली नव्हती. आप्पांना दुखवून लग्न करायचं नाही, हे दोघांनीही एकमेकांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे आप्पा नाही म्हणाले तर सगळं तिथेच संपणार होतं.

सन्मती बोलायला गावी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"काल पोचलो तवा आप्पा गोठ्यात होते," त्याने रंगात येऊन सुरुवात केली. "म्हैस व्यालीय. रेडकू एकदम—"

"आप्पा काय म्हणाले?"

"अगं ऐक की. सगळं क्रमाने सांगतो. मग मी हातपाय धुतले, आई म्हणाली—"

"सन्मती, शेवट सांग."

"आज नाही सांगणार," तो हसत म्हणाला. "एकदा तरी पहिल्यापासून ऐक."

तिने फोन बंद केला. त्याने परत लावला, तिने उचलला नाही. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा ती काचा पुसत होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"एवढं काय झालं? थट्टा केली मी."

संयोगिताने फडकं खाली ठेवलं. "आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. फोन आला की पहिला शब्द ‘खुशाल’. नाव-गाव, पाऊसपाणी, सगळं त्यानंतर. लहान पोरांनाही शिकवलेलं असतं. मागच्या वर्षी दादाच्या युनिटमधून कुणाचा तरी फोन आला. भला माणूस होता, पण त्याला आमची रीत काय माहीत. त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग बर्फ किती पडलाय ते सांगितलं, मग गाडी कुठल्या रस्त्याने निघाली ते... आई भिंतीला धरून खालीच बसली. दादाचा पाय मोडला होता, एवढंच. पण ते सगळ्यात शेवटी कळलं."

सन्मती समोरच्या स्टुलावर बसला.

"तेव्हापासून कादंबरीसुद्धा मला सरळ वाचता येत नाही. शेवट कळेपर्यंत कानात काही शिरतच नाही."

"मला वाटायचं, तुला घाई असते."

"घाई नाही रे. भीती वाटते."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आप्पा विचार करतो म्हणाले. नाही म्हणाले नाहीत."

"एवढं आधी सांगितलं असतंस, तर म्हशीचं सगळं ऐकलं असतं मी," ती म्हणाली, आणि तिला रडताना हसू आलं. आप्पांनी पंधरा दिवस मागितले होते. ते झाले की तो पुन्हा गावी जाणार होता.

पंधरवडा संपला त्या रविवारी संयोगिता आपल्या गावी, मेढ्याकडच्या घरी होती. दुपारपासून ती पायरीवर एक नवीकोरी प्रेमकथा मांडीवर घेऊन बसलेली. पुढच्या शनिवारी तिच्यावर बोलायचं होतं. सवयीने तिने शेवटचं पान उघडलं, आणि एक अक्षरही न वाचता मिटून टाकलं. आज तिला एका शेवटाची भीती पुरेशी होती. लालासाहेब अंगणात उगाचच झाडाला पाणी घालत होते. सकाळीही त्यांनी त्याच झाडाला घातलं होतं.

ऊन कलल्यावर फोन वाजला. लालासाहेबांनी बादली खाली ठेवली. तिने फोन कानाला लावला, पण तिच्या तोंडून काही शब्द फुटेना.

"खुशाल," पलीकडून सन्मती म्हणाला.

तिच्या घरातला तो शब्द त्याच्या आवाजात तिने पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो तिला इतका आवडला की पुढचं ऐकायची तिला घाईच राहिली नाही.

"आप्पा होय म्हणाले," तोच पुढे म्हणाला. "आई तर आधीपासून तुझ्याच बाजूची निघाली. आता पहिल्यापासून सांगू? मधलं लय अवघड आहे बघ. आप्पा सकाळपासून जेवले नव्हते. मग मी तरी कसा जेवणार?"

"आता जेवले ते?"

"आत्ता बसतायत. आई हाक मारतीय मला."

"तुझ्याकडं उजेड आहे अजून?"

तो जरा थांबला. हात समोर धरून बघत असणार, हे तिला इथूनही दिसलं. "आहे की. दिसतायत रेषा."

"मग आधी आप्पांबरोबर जेव," संयोगिता म्हणाली. "मी थांबते. पोटभर जेव, आणि मग सगळं सांग. म्हशीपासून."

फोन ठेवून तिने वर पाहिलं. लालासाहेब अजून तिथेच उभे होते, आणि विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

"खुशाल हाय, आबा," ती म्हणाली, आणि मांडीवरची कादंबरी तिने पहिल्या पानावर उघडली.