एनॉस पेनॉकचं गप्प बसणं

रूथच्या कोठारातून आयझॅकला धरून नेलं, ही बातमी टेसी यार्नलला कणीक मळताना कळली. पिठाच्या हातांनीच ती रूथकडे धावली.

मेरीलँडच्या मळ्यांतून पळालेल्या गुलामांना पेनसिल्व्हेनियातले क्वेकर, म्हणजे कधी खोटं न बोलणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, गुपचूप उत्तरेला पोचवत, ते टेसीच्या पत्रांवर. कोणी कुठे लपायचं, हे तिचं पत्र ठरवी. तसाच पळून आलेला आयझॅक पकडला गेला, पण त्याची बायको ल्युसिंडा अजून टेसीच्या तळघरात होती. फितूर सापडल्याशिवाय तिला हलवायचं कसं?

"पत्रावरची लाखेची मोहोर?" टेसीनं विचारलं.

"शाबूत होती. मीच फोडली," रूथ म्हणाली.

"आणि ते गुलाम पकडणारे?"

"सरळ इथंच! वाटेतल्या दोन कोठारांकडे ढुंकून पाहिलं नाही मेल्यांनी."

टेसी थबकली.

पत्र नेलं होतं एनॉस पेनॉकनं. घोडा विकताना गिऱ्हाइकाला आधी लंगडा पाय दाखवणारा माणूस! त्याच्या कोंबड्यासुद्धा अंडं घातल्याखेरीज ओरडत नाहीत, असं लोक म्हणत.

टेसीनं त्याला घरी गाठलं. "एनॉस, पत्र उघडलंस?"

"नाही."

"आयझॅकचा ठिकाणा कुणाला सांगितलास?"

"नाही गं."

"वाटेत कुणी विचारलं?"

एनॉस टोपीची कड चाचपत राहिला.

"अस्साच गप्प बसलास ना?" टेसी म्हणाली. "त्यांनी विचारलं, पहिल्या कोठारात आहे का? तू म्हणालास, नाही. दुसऱ्या? नाही. म्हणून ती दोन त्यांनी सोडली. रूथच्या कोठारात का, म्हटल्यावर तुला खोटं बोलवेना, खरं सांगवेना. तोंड मिटलंस. त्यांना तेवढं पुरलं."

एनॉस म्हणाला, "प्रार्थनेत देवापुढे गप्प बसायची सवय, टेसी. त्या हरामखोरापुढेही बसलो."

"तुझा स्वभाव ठाऊक असून पत्र तुझ्या हाती मी दिलं. अर्धं पाप माझं. आता नीट ऐक."

दुपारी तो पकडणारा पुन्हा वाटेत आडवा आला. "काय टोपीवाले बुवा! बाई कुठंय? गिरणीत?"

एनॉस गप्प. जमिनीकडे बघत, अगदी कालच्यासारखा गप्प. पकडणारा हसला आणि साथीदारांना घेऊन रिकाम्या गिरणीकडे उधळला.

तेवढ्यात टेसीनं ल्युसिंडाला गवताच्या गाडीत बसवलं. एनॉस लगाम धरायला आला.

"आयझॅक मागून येतोय ना, दादा?" ल्युसिंडानं त्याला विचारलं.

एनॉसचे ओठ हलले. पुन्हा मिटले.

ल्युसिंडानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि गवत स्वतःच्या हातानं तोंडावर ओढून घेतलं.