गाण्याच्या क्लासवरचा दावा

"सर, वकीलबाईंचं ऑफिस याच मजल्यावर आहे का?"

काळ्या कोटातला तो वळला. कपाळाला आठ्या घालून त्याने खर्जात विचारलं, "केस काय आहे?"

"केस नाही... इंटर्नशिप. आज पहिला दिवस."

"अस्सं! म्हणजे वकील होणार?"

"ठरलं नाही अजून. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी बघावं म्हटलं..." एवढं बोलतानाही ती दोनदा अडखळली. मग तिचं लक्ष त्याच्या बाह्यांकडे गेलं. त्यातून बोटांची टोकं तेवढी डोकावत होती.

"हा कोट... तुमचाच आहे ना?"

तो गोरामोरा झाला. "बाबांचा. मीसुद्धा इंटर्नच. वनस्पतिशास्त्र, शेवटचं वर्ष."

कोर्टाच्या त्या गंभीर व्हरांड्यात दोघं असे खळाळून हसले, की शिपायाने डोळे वटारले.

त्याचे आजोबा वकील, वडील वकील, आत्या न्यायाधीश. म्हणून ऑफिसात तो झाला 'मिलॉर्ड'. आणि चार माणसांत हिची दातखीळ बसायची, म्हणून त्याने हिचं नाव ठेवलं 'मौनीबाई'.

"मौनीबाई, जरा ती फाईल द्या."

"मिलॉर्डना देवाने हात दिलेत ना?"

त्याच्याशी बोलताना मात्र शब्द कसे भराभर सुचायचे! बाकी सगळीकडे आनंदच. बोलता येत नाही आणि म्हणे वकील... सुट्टी संपली की हे खूळ डोक्यातून काढून टाकायचं, असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं.

तेव्हा वकीलबाईंकडे एका गाण्याच्या बाईंची केस होती. त्या घरीच क्लास घ्यायच्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या एका शांत माणसाने, आवाजाचा त्रास होतो म्हणून क्लास बंद करायचा दावा ठोकला होता. बाईंचं सगळं जगणंच त्या क्लासवर होतं. "जा, डोळ्यांनी बघून या," असं म्हणत वकीलबाईंनी या दोघांना तिकडे पिटाळलं.

अंगणात उभा राहून मिलॉर्ड मोबाईलवर आवाज मोजत होता. ती वर बघत होती. दोन गाणी झाली. तिसरं, संथ लयीचं गाणं सुरू झालं आणि वरची खिडकी धाडकन बंद झाली.

"आवाज तर उलट कमी झालाय," तो चक्रावला.

"मग खिडकी याच गाण्याला का लागली?"

क्लास सुटल्यावर तिने बाईंना विचारलंच. "ते गाणं होय?" बाई हळव्या झाल्या. "वरच्या आजींचं फार लाडकं. जिन्यात बसून माझ्याबरोबर गुणगुणायच्या. गेल्या वर्षी गेल्या, बिचाऱ्या."

परतताना तिने वळून पुन्हा त्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोर्टाने तडजोडीची बैठक ठेवलीय ना, तिथे हे कुणीतरी आजोबांना विचारायला हवं. तुम्ही विचाराल?"

"मी नाही." तो थांबला. "हे तुला दिसलं. तूच विचार."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला... आणि ती वाद घालायचंच विसरली.

तडजोडीच्या बैठकीत आजोबांचे वकील तावातावाने बोलत होते. त्यांचं झाल्यावर वकीलबाई मध्यस्थांना म्हणाल्या, "परवानगी असेल तर माझ्या विद्यार्थिनीला एक विचारायचंय."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. घसा पार सुकला. शेजारून मिलॉर्डने पाण्याचा ग्लास हळूच पुढे सरकवला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि क्षणभर तिथेच राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "त्रास आवाजाचा होतो, की... त्या एका गाण्याचा?"

"हा काय प्रश्न झाला?" त्यांचे वकील उसळले.

"थांबा हो, वकीलसाहेब." आजोबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काचा पुसत राहिले. "ते सुरू झालं की वाटतं, ही जिन्यात बसलीय. दार उघडतो... तर कुणीच नाही."

गाण्याच्या बाईंना राहवलं नाही. "अहो, मग सांगायचंत ना मला! बंद करते ते गाणं."

"नको, नको! बंद नका करू," आजोबा घाईने म्हणाले. "फक्त आधी कळवत जा. म्हणजे... मीच जिन्यात येऊन बसेन."

दावा तिथेच मागे घेतला गेला. बाहेर येताच वकीलबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बोलणारे वकील पैशाला पासरी मिळतात गं. ऐकणारे शोधावे लागतात. लॉच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज कधी भरतेस?"

"आजच, मॅडम!"

वकीलबाई पुढे निघून गेल्या. तो मात्र कठड्याला टेकून उभाच.

"आणि तुझा अर्ज?" तिने विचारलं.

"मी नाही भरत. काल घरी सांगून टाकलं, मला झाडांमध्येच काम करायचंय."

"बाप रे! बाबा काय म्हणाले?"

"जेवले नाहीत. पण सकाळी म्हणाले, मग पुढचं शिक्षण नीट तरी घे."

ती मनापासून हसली, आणि मग तिचं हसू एकदम मावळलं. "म्हणजे... उद्यापासून ऑफिसात येणार नाहीस?"

"सुट्टी संपेपर्यंत रोज येणार."

"वकील व्हायचं नाही, तर कशाला?"

"उत्तर माहीत असताना प्रश्न विचारतेस हं तू!"

"माहीत असलं तरी... ऐकायचंय मला."

त्याने एक मोठा श्वास घेतला. "तू आवडतेस मला. खूप."

तिने मान खाली घातली... आणि लगेच वर केली. "मलाही आवडतोस तू," ती म्हणाली. इतकं खणखणीत, की जिन्यावरचे दोन वकील, एक कारकून आणि कुणाच्या तरी काकू थबकून बघू लागल्या.

बघू देत! तिने त्याचा हात धरला आणि त्या सगळ्यांच्या मधून, ताठ मानेने, ती पायऱ्या उतरू लागली.