धार बारीक कर

पंधरा दिवस झाले, समता कॉलनीतल्या त्या घरात कपडे धुवायला जागा नव्हती. मागच्या अंगणातलं सिमेंटचं टाकं कुसुमबाईंच्या नातीनं, गंधालीनं, बळकावलं होतं. एका टोकाला पंप, दुसऱ्याला नळी, मध्ये टांगलेला वीतभर फायबरचा पर. लाटेवर उभं राहून घसरायची फळी असते म्हणे. तिच्या पोटाला माशासारखे असे पर लावतात. पर नसला तर वळताना फळी आडवी सरकते आणि माणूस पाण्यात.

"राजधानी आली, मंत्री आले. आता समुद्रच यायचा राहिला रायपुरात," कुसुमबाईंनी धुण्याची बादली आपटली. "माह्या चादरीले मुहूर्त कधी?"

"बस आज का दिन, आजी. चार बजे कुरिअर है." गंधालीला मराठी सगळं कळे, उत्तर हिंदीतच येई.

विशाखापट्टणमच्या एका फळीवाल्यानं नमुना मागितला होता. पसंत पडला तर नोकरी. अडचण एकच. पाणी जोरात सोडलं की पर गुणगुणे, तोंड मिटून कोणी गावं तसा. मागची कड जाड. पाणी तिथून सुटताना भोवरे होतात, एक डावा, एक उजवा, त्यानं पर थरथरतो, असं ती सांगे. भोवरे दिसावेत म्हणून पाण्यात हळद सोडे. हळदही कुसुमबाईंच्याच डब्यातली.

दुपारी पर ओट्यावर काढून ठेवला होता, नळी वाहत होती. आतून गंधाली ओरडली, "आजी, ज़रा धार पतली कर दो!"

कुसुमबाईंनी जन्मभर ओट्यालगतच्या दगडावर विळीला धार लावली होती. त्यांनी पर उचलला आणि त्याच दगडावर मागची कड घासली, कागदासारखी होईस्तोवर.

"ये क्या किया! मैंने पानी की धार बोला था!"

"मंग नीट बोलावं ना, पोट्टे! धार म्हटलं का मले विळीच दिसते."

तीन वाजले होते. दुसरा पर करायला वेळ नव्हता. गंधालीनं डोळे पुसत तोच टांगला, पंप पूर्ण सोडला.

आवाज नाही. हळदीच्या दोन रेघा पराच्या दोन्ही अंगांनी आल्या आणि मागे एक झाल्या. एकही भोवरा नाही. गंधालीनं आजीला मिठी मारली, पंप बंद केला.

रेघ चालतच राहिली.

"काहून थांबत नाही व हे?" कुसुमबाईंनी पंपाची पिन काढून हातात धरली.

पाणी थांबलं. मग उलटं यायला लागलं.

"उतार असन," कुसुमबाई म्हणाल्या. चारला कुरिअरवाला पर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साबणाला फेस येईना. कुसुमबाईंनी साबणाला शिव्या घातल्या, वडी बदलली, मग बोट जिभेला लावलं. खारट. टाकं उपसून नळाचं पाणी भरलं. सकाळी ते चार बोटं उतरलेलं, पुन्हा खारट. दुपारी नळ न सोडता चढलेलं. त्यानंतर त्यांनी चादरी बाहेर धुवायला दिल्या.

गंधालीला नोकरी लागली. ती विशाखापट्टणमला गेली त्याच्या आठव्या दिवशी सकाळी टाकं उतरलं ते उतरतच गेलं. वीत, हात, मग तळ.

तळाशी ओली वाळू होती.

फोन वाजला.

"आजी! तुम्हारी धार पे सब फ़िदा हैं!" आवाजात वारा भरला होता. "और सुनो, आज समुद्र इतना पीछे गया है, इतना! हम लोग नीचे उतर के देखने जा रहे हैं."

"पोट्टे, वापस फिर. फळी टाक अन् पळ!"

"क्या? सुनाई नहीं दे रहा, आजी. तुम्हारे यहाँ कुछ गुनगुना रहा है."

कुसुमबाईंनी खाली टाक्यात पाहिलं. नळ बंद होता.

वाळू पाण्याखाली दिसेनाशी झाली होती.